एकच माती, दोन वजने

वेहेरगावच्या पायथ्यापासून पायऱ्या चढून, एकवीरेच्या दारातील नारळ-ओटीची दुकाने आणि आगरी-कोळी भाविकांच्या पालख्यांची दाटी मागे टाकून जो मनुष्य कार्ल्याच्या चैत्यगृहात पाऊल ठेवतो, त्याची दृष्टी प्रथम स्तंभशीर्षांवर गुडघे टेकून बसलेल्या हत्तींकडे आणि तेथून आपोआप वर, छताकडे जाते; आणि दगडी कमानीला आतून चिकटलेल्या लाकडी फासळ्यांची ती दूरवर गेलेली रांग पाहून त्याच्या मनात एक समज हमखास उत्पन्न होतो, तो असा की हा एवढा डोंगर या लाकडांनीच तोलून धरला असला पाहिजे. वास्तविक त्या फासळ्या कशाचाही भार वाहत नाहीत. चैत्यगृह आत सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तितकेच उंच आहे. त्याच्यावरचा डोंगर आपले वजन स्वतःच्याच कमानीतून दोन्ही अंगांना खाली उतरवतो, आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेली ती लाकडे त्याहूनही जुन्या लाकडी सभागृहांची आठवण म्हणून तेथे राहिली आहेत. दाराशी कोरलेल्या लेखांपैकी एकात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने ते दार घडवल्याची नोंद आहे. दगडाच्या कामावर सुताराचे नाव असावे यात त्या काळच्या लोकांना काही वावगे वाटले नसावे, आणि सुताराचा हात फिरल्यावर छताला वासे नसणे हे मात्र बहुधा चमत्कारिक वाटले असते.

या लेण्याच्या माथ्यावर, म्हणजे खऱ्या अर्थाने त्याच्या छतावर, पावसाळ्यात गुडघाभर गवत माजते, श्रावणात तेरडा आणि भाद्रपदात सोनकी फुलते, आणि आश्विनात पाऊस ओसरला की त्याच उतारावर दिवसभर लख्ख ऊन पडते. माती, वनस्पती, पाणी आणि सूर्य हे चौघेही त्या छतावर एकत्र नांदतात. आज शहरांतून ज्याला ‘हरित छत’ म्हणतात आणि ज्याच्यावर सौर पट्ट्या बसवून एकाच जागेतून बाग आणि वीज असे दुहेरी उत्पन्न घ्यावे असा विचार जगभर चालू आहे, त्याचा नमुना पाहायचा तर लांब जाण्याचे कारण नाही. फरक इतकाच, की कार्ल्याचा डोंगर कमानीने उभा आहे, आणि मळवली ते लोणावळा या पट्ट्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे बंगले, विश्रामगृहे आणि हॉटेले उठली त्यांच्या डोक्यावर आहे तो सपाट स्लॅब. कमान ओझ्याखाली दाबली जाते, आणि दगडाला दाबले जाणे मानवते; स्लॅब ओझ्याखाली वाकतो, आणि वाकणे काँक्रीटला मुळीच मानवत नाही, म्हणून त्याच्या पोटात लोखंडी सळया घालाव्या लागतात. त्या सळया किती घातल्या, हे ज्याने हिशेब केला त्याला ठाऊक. पुढे गच्चीवर माती आणि सौर पट्ट्या चढवणाऱ्या मालकाला ते बहुधा ठाऊक नसते.

स्लॅबच्या हिशेबात वजनाच्या दोन जाती असतात. एक कायमचे वजन. त्याला इंजिनीअर लोक ‘डेड लोड’ म्हणतात आणि त्यात स्लॅब स्वतः, त्याच्यावरचा कोबा, खालचे प्लॅस्टर आणि जे जे म्हणून एकदा आले ते परत जाणार नाही असे सर्व काही येते. दुसरे येणारे-जाणारे वजन, म्हणजे माणसे, वाळवणाच्या खाटा, कोजागिरीला जमलेली पंगत. पहिले वजन वतनदारासारखे आहे, पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसणारे. दुसरे पाहुण्यासारखे, दोन दिवस राहून निघून जाणारे. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात या पाहुण्यासाठी किती जागा राखून ठेवायची याचा दंडक घालून दिला आहे: जिन्याने जाता येते अशा सपाट गच्चीला दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो, आणि जेथे केवळ दुरुस्तीसाठी चढायचे तेथे सुमारे ७५ किलो.

आता कायमच्या वजनाची बेरीज करून पाहू. पाच इंची स्लॅब दर चौरस मीटरला ३१० किलोंच्या घरात जातो. त्याच्यावर आपल्याकडे गळती थांबवण्यासाठी विटांचे तुकडे बसवून जो कोबा करतात, तो उताराला मिळून सरासरी चार इंच धरला तरी आणखी सुमारे २०० किलो होतो. ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, की पावसाच्या भयाने आपण स्लॅबच्या डोक्यावर जवळजवळ दोन-तृतीयांश स्लॅब आणखी घालून ठेवतो. आणि गळती राहिलीच तर दहा वर्षांनी जुना कोबा न काढता त्याच्यावरच दुसरा थर देणारे गवंडीही मावळात कमी नाहीत. तेव्हा बागेचा विचार मनात येण्यापूर्वीच वतनदाराचा वाडा बराच वाढलेला असतो.

या गच्चीवर कोणी हौसेने शेतातली माती आणून फूटभर पसरली, तर ओल्या मातीचे वजन दर चौरस मीटरला साडेपाचशे किलोंच्या आसपास जाते. अकराशे चौरस फुटांच्या, म्हणजे जवळजवळ शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर ते पंचावन्न टन झाले. प्रौढ हत्तीचे वजन चार टन धरले, तर चैत्यगृहातल्या स्तंभांवरून चौदा हत्ती उतरवून ते बंगल्याच्या गच्चीवर उभे करण्यासारखे हे आहे, आणि तेही एका रात्रीपुरते नव्हे, कायमचे. म्हणून हरित छताच्या विद्येत साधी माती जवळजवळ वर्ज्य मानली आहे. विटांचा चुरा, नारळाच्या काथ्याचा भुसा, भाजलेले भाताचे तूस (आणि इंद्रायणी तांदळाच्या या मुलखात तुसाला तोटा नाही) असे हलके द्रव्य थोड्या मातीत मिसळून त्याचा चार इंची थर केला, तर तो पाण्याने पूर्ण भिजल्यावर, खालच्या जलरोधक पडद्यासकट आणि वरच्या झाडोऱ्यासकट, १३० किलोंच्या आसपास बसतो. मुरूम घालण्याचा सल्ला पुष्कळ माळी देतात, कारण तो जवळच मिळतो आणि पाणी सोडतो. परंतु आपल्या सह्याद्रीचा काळा दगड आधीच वजनदार, आणि त्याचा मुरूम गच्चीवर नेणे म्हणजे डोंगरच वर नेणे होय.

सौर पट्ट्यांचे वजन या मानाने किरकोळ. तीन किलोवॉटचा संच म्हणजे हल्लीच्या मोठ्या मापाच्या सहा पट्ट्या, पंधरा-सोळा चौरस मीटरचे क्षेत्र आणि सांगाड्यासह सुमारे ३०० किलो वजन; दर चौरस मीटरला वीस किलोही पडत नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या सूर्यघर योजनेत एवढ्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळू लागल्यापासून गावोगाव त्याची मागणी वाढली आहे, आणि विक्रेते छातीवर हात ठेवून सांगतात की वजनाची चिंताच करू नका. ते खोटे बोलतात असे नाही; ते अर्धे बोलतात. पट्टीचे वजन दर चौरस मीटरला वीस किलो हे खरे, पण ते गच्चीवर सारखे पसरत नाही. सांगाड्याच्या चार-सहा पायांतून ते ठिकठिकाणी उतरते, आणि पाय स्लॅबच्या नेमक्या मध्यावर पडला की वीस किलोंची सरासरी निरर्थक होते. दुसरे अर्धे वाऱ्याचे, आणि त्याकडे पुढे येतो.

बागेचे १३० आणि पट्ट्यांचे २० मिळून १५० झाले. वाचकाच्या लक्षात आले असेल, की हा आकडा आधी एकदा येऊन गेला आहे. गच्चीवर माणसांसाठी म्हणून राखलेली जागा नेमकी एवढीच होती. येथेच पुष्कळ सुशिक्षित माणसांचा हिशेब घसरतो: दीडशे किलोंची सोय आहे, दीडशे किलो ठेवले, जमाखर्च जुळला. परंतु पाहुण्याच्या खोलीत वतनदार येऊन बसल्यावर पाहुण्याने उतरायचे कोठे? बाग म्हटली की तण काढायला, पट्ट्या पुसायला, मोरी साफ करायला माणूस वर चढणारच, आणि त्याच्यासाठी निदान ७५ किलो शिल्लक असले पाहिजेत. शिवाय काँक्रीटला काळाचे भान असते. पाहुण्याच्या वजनाने स्लॅब किंचित लवतो आणि पाहुणा गेला की वर येतो; तेच वजन वर्षानुवर्षे बसून राहिले तर काँक्रीट मंद गतीने झुकत जाते आणि पहिल्या दिवशीचा झोल काही वर्षांत दुप्पट-तिप्पट होतो. झोल आला की मध्यावर पाणी साचते, पाणी साचले की वजन वाढते, वजन वाढले की झोल वाढतो. आणि हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की कोब्याचा उतार उलटा होऊन मोरी उंचावर आणि डबके खोलात, असे विपरीत दृश्य दिसू लागते.

पाणी हाच या प्रकरणातला मुख्य आसामी आहे. युरोपातील ग्रंथांतून हरित छताची थोरवी सांगताना पहिला मुद्दा असा मांडतात, की अशी छते पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि गटारांवरचा ताण कमी करतात. तेथील पावसाच्या मानाने ते यथार्थ असेल. चार इंची थर फार तर तीस-चाळीस मिलिमीटर पाऊस पोटात घेतो. आणि लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आषाढात एका दिवसात दोनशे मिलिमीटर कोसळल्याचे कोणाला नवल वाटत नाही. टाटांनी १९१५ साली खोपोलीचे वीजघर चालू केले ते याच पावसाच्या भरवशावर, घाटमाथ्यावरचे तलाव भरून. अशा मुलखात गच्चीवरच्या चार इंच मातीने पूर आवरावा, ही अपेक्षा म्हणजे शिंपल्याने इंद्रायणी उपसण्याचा प्रकार झाला. येथे मातीच्या थराने पाणी धरावे यापेक्षा ते शक्य तितक्या लवकर वाट करून द्यावे, हे अधिक महत्त्वाचे.

म्हणून मावळातील हरित छताला मातीखालचा निचऱ्याचा थर आणि पाणी जाण्याच्या मोऱ्या यांवर मातीपेक्षा अधिक खर्च करावा लागतो. एक मोरी पाल्याने बुजली आणि कठड्याच्या आत सहा इंच पाणी तुंबले, तर दर चौरस मीटरला आणखी दीडशे किलो वजन दिवसभरात येऊन बसते. म्हणजे मानकाने पाहुण्यांसाठी जेवढे राखले तेवढे सगळे एका तुंबलेल्या जाळीने खर्ची घातले. जाणते इंजिनीअर याच कारणासाठी कठड्याला मोरीच्या दोन-तीन इंच वर बाहेर पडणारी आडवी भोके ठेवतात, जेणेकरून मोरी बुजली तरी पाणी पागोळीसारखे बाहेर ओतले जावे. ते कोणाच्या अंगणात पडते, हा वादाचा विषय होतो खरा. पण शेजाऱ्याची तक्रार स्लॅबच्या तक्रारीपेक्षा बरी.

आता वारा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे, आणि मुंबईसाठी ४४ मीटर. मीटरमधील वेगाचा वर्ग करून त्याला ०·६ ने गुणले की दाब न्यूटनमध्ये मिळतो. पुण्याचा वेग घेतला तर दर चौरस मीटरला तो नव्वद किलोंहून थोडा अधिक भरतो. डोंगरकड्याच्या आणि टेकडीच्या माथ्यावर वारा वेग घेतो म्हणून हेच मानक तेथे वेग छत्तीस टक्क्यांपर्यंत वाढवून धरायला सांगते, आणि दाब वर्गाच्या प्रमाणात चढत असल्याने तो दुपटीच्या जवळ जातो. आपल्या तीन किलोवॉटच्या संचाला पुण्याच्या मूळ दाबाचा निम्माच भाग खालून उचल म्हणून लागला असे सौम्यपणे धरले, तरी सातशे किलोंची ओढ वर होते, आणि संचाचे वजन आहे तीनशे. तेव्हा सौर पट्टीच्या बाबतीत स्लॅब तिला पेलील का, हा प्रश्न दुय्यम ठरतो. ती गच्चीवर टिकून राहील का, हा पहिला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळून घाट चढून मावळात आले तेव्हा येथील फुलशेतीची पॉलीहाउसे आणि घरांचे पत्रे कसे उडाले, हे ज्यांनी पाहिले त्यांना हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही. पट्ट्यांखाली बसता यावे म्हणून सांगाडा आठ-आठ फूट उंच करण्याची जी नवी आवड निघाली आहे, ती मला म्हणूनच धाडसाची वाटते. वाऱ्याच्या दृष्टीने ते शीडच होय.

पट्टी धरून ठेवण्याचे रूढ मार्ग दोन. एक, कोबा फोडून स्लॅबमध्ये बोल्ट मारायचे. आणि ज्या गच्चीला गळती थांबवण्यासाठी आयुष्यभर पैसे मोजले तिलाच भोके पाडायची. दुसरा, काँक्रीटचे ठोकळे पायाला बांधायचे. म्हणजे गरज नसताना मेलेले वजन वर न्यायचे. बाग आणि पट्टी यांचा संसार येथे जुळतो. सांगाड्याचे पाय रुंद तसराळ्यांत बसवून ती तसराळी निचऱ्याच्या थरावर ठेवावी आणि त्यांच्यावर माती पसरावी, की मातीच पट्टीला धरून बसते. भोक नको, ठोकळा नको. जी माती बागेसाठी वर नेणे भागच होते, तिच्याकडूनच नांगराचे काम करून घेतले, आणि पायांतून टोचणारे वजनही तसराळ्यांमुळे पसरले गेले. जर्मनी आणि स्वित्झर्लंड या देशांत ही पद्धत आता नित्याची झाली आहे. बाझल शहराने तर २००२ पासून सपाट छतांवर हिरवळ सक्तीची केली. फ्रान्सच्या संसदेने २०१५ साली व्यापारी इमारतींच्या छतांविषयी विचार करताना ‘झाडोरा अथवा सौर पट्ट्या’ असा शब्दप्रयोग स्वीकारला होता. त्यातला ‘अथवा’ आता पुष्कळांना अनावश्यक वाटू लागला आहे.

परंतु हा संसार जुळवताना जमाखर्चाच्या वहीत एक विलक्षण नोंद करावी लागते, आणि कोणत्याही मुनिमाने ती केली तर त्याला नोकरीवरून काढून टाकतील. एकाच मातीचे वजन दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या आकड्यांनी लिहायचे. स्लॅबचा हिशेब करताना माती ओली धरायची, अगदी चिंब, आषाढातल्या तिसऱ्या झडीनंतरची: १३० किलो. वाऱ्याचा हिशेब करताना तीच माती कोरडी धरायची, वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यातली, बोटांतून भुरूभुरू गळणारी: ७५ किंवा ८० किलो. कारण ओझे म्हणून माती जेव्हा सर्वांत जड असते तेव्हा तिची नांगर म्हणून विशेष गरज नसते, आणि नांगर म्हणून गरज असते तेव्हा ती सर्वांत हलकी असते. मावळात वळवाची वावटळ येते ती पावसाच्या आधी. निसर्ग वादळ आले तो ज्येष्ठ होता. नियमित पाऊस लागायचा होता आणि माती चार महिन्यांच्या उन्हाने पापडासारखी वाळलेली होती. सरासरी १०० किलो धरून दोन्ही हिशेब एकदाच करणारा मनुष्य व्यवहारी दिसतो, पण त्याचा स्लॅब पावसात अधिक लवतो आणि त्याची पट्टी उन्हाळ्यात उडते.

आपल्या सहा पट्ट्यांच्या क्षेत्राखाली चार इंची थर असला, तर कोरडी माती बाराशे किलोंच्या आसपास भरते. सातशेंच्या उचलीतून पट्ट्यांचे तीनशे वजा जाता चारशेंचा तगादा राहतो, तो ही माती निर्धास्त भागवते, आणि वाऱ्याची उचल मी धरली त्याच्या दुप्पट निघाली तरी ती आपल्या जागेवरून हलत नाही. मात्र यातही एक कलम आहे: माती तेथे राहिली पाहिजे. काथ्याचा भुसा कुजून थर दरसाल थोडा खाली बसतो आणि वाऱ्याच्या कडेची सैल माती उडून जाते, म्हणून दर एक-दोन वर्षांनी भर घालावी लागते, आणि कठड्यालगत, जेथे वाऱ्याची उचल सर्वांत तीव्र असते तेथे, पट्ट्या न बसवता हातभर रुंद गोट्यांची पट्टी ठेवण्याची रीत आहे. गोट्यांची ती पट्टी मोरीला पाला लागू देत नाही, हा वरचा लाभ.

सौर पट्टीखालची माती एकसारखी भिजत नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या अक्षांशावर पट्ट्या दक्षिणेकडे अठरा-वीस अंश कलत्या बसवतात. पाऊस त्यांच्यावरून वाहून खालच्या कडेने एका रेषेत ओघळतो, तेथे माती चिखल होते, आणि वरच्या कडेखाली भर श्रावणात ती कोरडीच राहते. झाडांना हे मानवते, कारण सावली आवडणारी आणि ऊन आवडणारी अशा दोन्ही जातींना घर मिळते. वजनाच्या दृष्टीने मात्र ओघळाची रेषा तुळईवर पडेल अशी मांडणी केली तर बरे. पट्टीची खालची कडा मातीपासून निदान फूटभर उंच हवी, असे परदेशी पुस्तके सांगतात. मी म्हणेन मावळात दीड फूट, कारण येथील गवताला पुस्तके वाचता येत नाहीत. आणि पिंपळाचे रोप दिसले की त्याच दिवशी उपटावे. धर्मभीरू मनुष्य पिंपळ उपटायला कचरतो आणि तीन वर्षांनी कोब्याची चीर हाताने चाचपत बसतो.

या सगळ्या उठाठेवीने वीज किती वाढते? झाडांच्या बाष्पोच्छ्वासाने पट्ट्यांभोवतीची हवा थोडी निवते, आणि पट्टी पंचवीस अंशांपलीकडे जितकी तापेल तितकी दर अंशाला ०·३५ ते ०·४ टक्के शक्ती गमावते. तेव्हा पट्टी चार-पाच अंश निवल्याने दीड-दोन टक्के लाभ व्हावा. हा लाभ खरा आहे, पण बाग करण्याचे कारण म्हणून पुरेसा नाही. शिवाय पावसाळ्याचे चार महिने येथे सूर्यच रजेवर असतो. माझ्या मते या जोडीचे खरे उत्पन्न तीन ठिकाणी आहे: मातीखाली झाकलेला जलरोधक पडदा उन्हाने तडकत नाही, खालच्या खोल्या वैशाखात राहण्याजोग्या होतात, आणि पट्टीला नांगर फुकट मिळतो. मात्र हे उत्पन्न कोणाला मिळावे, याला मर्यादा आहे. कार्ल्यातील जुनी कौलारू घरे या हिशेबात येत नाहीत. मंगळुरी कौलांचे पाखे वासे आणि रिपांसकट दर चौरस मीटरला साठ-सत्तर किलोंचे. पाणी क्षणभर न ठेवता सोडून देणे हाच त्यांचा धर्म. त्यांच्यावर माती नेण्याचा विचार कोणी करू नये; पट्टी न्यायची तर कौलावर न टेकवता खालच्या वाशाला धरावी.

डोक्यावरच्या मातीचे वजन काय करू शकते, हे महाराष्ट्राला कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची आवश्यकता नव्हती. मराठवाड्यातील माळवदाचे घर म्हणजे आपले देशी मातीचे छतच: लाकडी खांब-तुळयांवर किलच्या आणि फळ्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, पावसाळ्यात त्याच्यावर गवतही उगवे. गळती दिसली की मालक दरसाल आणखी माती टाकी. जुनी काढण्याचा प्रघात नसल्याने थर वाढत वाढत काही घरांत दीड-दोन फुटांवर गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हादरली तेव्हा ते वजन मातीत रचलेल्या दगडी भिंतींसकट झोपलेल्या माणसांवर आले, आणि हजारो माणसे गेली. भूकंपात इमारतीवर येणारे बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते, आणि ते वस्तुमान जितके उंचावर तितके घातक. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का ज्यांना आठवतो त्यांना मावळ यातून मुक्त आहे असे वाटणार नाही. पुणे जिल्हा भूकंपाच्या नकाशावर मध्यम धोक्याच्या पट्ट्यात धरला गेला आहे. म्हणून गच्चीवर वजन चढवताना स्लॅब तपासून भागत नाही. ज्या खांबांवर तो उभा आहे त्यांची, आणि विशेषतः खाली मोटारी ठेवण्यासाठी भिंती काढून टाकलेल्या इमारतीच्या खांबांची, जबानी घ्यावी लागते.

माळवदाची चूक आधुनिक रूपात पुन्हा घडू शकते, याचा दाखला हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीत मिळाला. तेथील क्रीडाभवनाच्या मोठ्या छतावर मागाहून हिरवळ केली गेली आणि २० मे २०१६ रोजी ते छत खाली आले. सुदैवाने तीन जणांना किरकोळ इजा होण्यापलीकडे अनर्थ झाला नाही. चौकशीत तीन गोष्टी निघाल्या: छतावरचा गिलाव्याचा थर नकाशापेक्षा जाड होता, हिरवळ विस्तीर्ण भागावर पसरली होती, आणि पाणी साचले होते. यांपैकी एकही गोष्ट एकटीने कदाचित छत पाडू शकली नसती. हा जाड निघालेला थर वाचताना मला आपल्या दुहेरी कोब्याची आठवण होते.

आता व्यवहाराचे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीची तीन वर्षांतून एकदा रचनेची तपासणी व्हावी लागते. बंगल्याच्या मालकावर तशी सक्ती नाही, आणि स्लॅबमधील सळयांचा मूळ नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरात शोधायला गेले तर बहुधा घराचा उतारा मिळतो, नकाशा मिळत नाही. तेव्हा स्लॅबलाच विचारावे लागते. काँक्रीटवर हातोडीचे यंत्र मारून त्याचा कठीणपणा अजमावतात, सळया कोठे आहेत हे चुंबकी यंत्राने शोधतात, खांबातून आणि स्लॅबमधून बोटभर लांबीचे गोल तुकडे काढून प्रयोगशाळेत चिरडून पाहतात. लटकता छज्जा असेल तर त्याला या प्रयोगांतूनही वगळावे. त्याच्या सळया वरच्या अंगाला असतात आणि गवंड्याच्या पायाखाली त्या काम चालू असतानाच दबून खाली गेलेल्या असण्याचा संभव असतो. बागेच्या जड कुंड्या न्यायच्याच तर त्या तुळयांवर आणि खांबांच्या डोक्यावर ठेवाव्या.

एवढ्यानेही संशय फिटला नाही, तर काँक्रीटच्या मानकात, म्हणजे भारतीय मानक ४५६ मध्ये, शेवटची एक कसोटी सांगितली आहे. ज्या वजनाची हमी घ्यायची ते कायमचे वजन पूर्ण, आणि येणारे-जाणारे वजन सव्वापट, असे स्लॅबवर चोवीस तास ठेवायचे. वाळूच्या पोत्यांनी हे करता येते. पण आपल्याकडे गळती तपासण्यासाठी गच्चीवर पाणी कोंडून ठेवण्याची रीत गवंड्यांच्या अंगवळणी आहे, आणि पाण्याचे वजन मोजण्यासाठी फूटपट्टी पुरते. बाग आणि पट्ट्यांचे १५०, आणि १५० च्या सव्वापट म्हणजे १८८. मिळून ३३८ किलो, अर्थात सुमारे तेरा इंच पाणी. खाली खोली रिकामी करतात, स्लॅबला न टेकणारे टेकू दोन बोटे अंतर सोडून उभे करतात, आणि मध्यावर घड्याळासारखी तबकडी लावतात, जिचा काटा मिलिमीटरचा शतांश दाखवतो. पाणी चढू लागले की काटा हलू लागतो. चोवीस तासांनी तो कोठे थांबला याची नोंद करून मोऱ्या उघडतात. नंतर आणखी चोवीस तास वाट पाहायची. जेवढा झोल पडला होता त्याच्या तीन-चतुर्थांश भागाइतका काटा मागे आला, तर स्लॅब उत्तीर्ण.